पुसलेली जागा जाते कुठे?

आमच्या घरी एक संगणक दिवसरात्र चालू असतो. त्याला ५०० गिगाबाइटची एकच डिस्क आहे आणि तिच्यावर आम्ही तीन ‘आभासी संगणक’ चालवतो. एकात आमची निरीक्षणे असतात, दुसऱ्यात घरातील छायाचित्रे, तर तिसऱ्यावर ओळखीची शाळकरी मुले प्रोग्रॅमिंगचा सराव करतात. एका सकाळी यांपैकी दोन संगणक एकाएकी थांबले. खरी डिस्क काठोकाठ भरली होती. काही फाईली दुसऱ्या डिस्कवर हलवून आम्ही यंत्रे पुन्हा सुरू केली आणि निरीक्षणांच्या संगणकातील ९० गिगाबाइटची जुनी माहिती पुसली. आभासी संगणक म्हणाला, ‘जागा मोकळी झाली.’ खरी डिस्क मात्र होती तेवढीच भरलेली! मग हे ९० गिगाबाइट गेले कुठे?

उत्तरासाठी आधी आभासी संगणक म्हणजे काय ते पाहू. ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६०च्या दशकातच मोठ्या संगणकांवर ती राबवली होती. खऱ्या संगणकाला ‘यजमान’ आणि त्यात चालणाऱ्या आभासी संगणकाला ‘पाहुणा’ म्हणतात. पाहुण्याला जी डिस्क दिसते ती प्रत्यक्षात यजमानाच्या डिस्कवरील एक मोठी फाईल असते. आम्ही प्रत्येक पाहुण्याला २०० गिगाबाइट देऊ केले होते. तिघांचे मिळून झाले ६००, आणि खरी डिस्क ५००ची! हे चालते, कारण फाईल सुरुवातीला जवळजवळ रिकामी असते. पाहुणा जसजसा लिहीत जातो, तसतशी ती खरी जागा व्यापते.

फाईल वाढते हे समजले. पण ती कमी का होत नाही? वसतिगृहाचे उदाहरण घेऊ. मुलगा खोली सोडून गेला की वहीतून त्याचे नाव खोडतात, पण त्याची ट्रंक खोलीतच राहते. नवा मुलगा आला, की मगच ती हलते. पाहुणा फाईल पुसतो तेव्हा असेच घडते. तो आपल्या नोंदवहीत ‘हे ठोकळे आता मोकळे’ एवढेच लिहितो. ठोकळ्यांतील मजकुराला हातही लावत नाही. यजमानाला पाहुण्याची नोंदवही वाचता येत नाही. त्याला फक्त ‘इथे लिही, तिथून वाच’ एवढेच कळते. त्यामुळे त्याच्या लेखी सर्व ठोकळे अजून भरलेलेच!

जुना उपाय असा होता: मोकळ्या जागेत सर्वत्र शून्ये लिहायची आणि नंतर शून्ये वगळून फाईलची नवी प्रत करायची. पण शून्ये लिहिताना फाईल आधी पूर्ण आकारापर्यंत फुगते, शिवाय प्रतीसाठी वेगळी जागा लागते. डिस्क आधीच भरलेली असेल, तर हा उपाय रोगापेक्षा वाईट.

चांगला उपाय म्हणजे पाहुण्याने यजमानाला मोकळे ठोकळे कळवणे. यासाठीचा ‘ट्रिम’ हा संदेश मुळात सॉलिड-स्टेट डिस्कसाठी आला. आभासी डिस्कच्या मांडणीत ‘डिस्कार्ड’ ही सोय चालू केली आणि लिनक्स पाहुण्यात ‘एफएसट्रिम’ हा आदेश दिला, की यजमान फाईलमधील तेवढा भाग सोडून देतो. फाईलला अशी भोके पाडण्याची सोय लिनक्समध्ये २०११ साली आली. आम्ही हा आदेश दिला आणि १८० गिगाबाइट व्यापणारी फाईल ९४ वर आली. ९० का झाली नाही? कारण जागा ठरावीक आकाराच्या गठ्ठ्यांनी परत मिळते. गठ्ठ्यातील थोडासा भाग जरी वापरात असेल, तरी तो सुटत नाही.

तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आभासी डिस्कची जुनी ‘स्नॅपशॉट’ जपून ठेवली असतील, तर त्यांनी धरलेली जागा सुटणार नाही. ट्रिमनंतर पुसलेली फाईल परत मिळण्याची आशा जवळजवळ सोडावी. म्हणून आधी प्रत काढावी. आणि ट्रिम केलेच नसेल, तर विद्यार्थ्यांची पुसलेली गुणपत्रके त्या फाईलमध्ये अजून असू शकतात. असा संगणक दुसऱ्याला देण्यापूर्वी याचा विचार हवा.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. लिनक्सवर ‘ट्रंकेट’ या आदेशाने १ गिगाबाइटची रिकामी फाईल बनवा. ‘एलएस’ने तिची लांबी पाहा आणि ‘डीयू’ने तिने व्यापलेली जागा पाहा. पहिला आदेश १ गिगाबाइट सांगेल, दुसरा बहुधा शून्य. दोन्ही उत्तरे बरोबर कशी, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. ते उमगले, की आमचे ९० गिगाबाइट कुठे होते हेही ते सांगू शकतील.