लक्ष उडते तेव्हा

एव्हरशाईन सिटीत दहावीचा निकाल लागला की जिन्यात हटकून कानी पडते, ‘हुशार आहे हो, पण लक्षच देत नाही.’ आम्हा कवींचे लक्ष उडाले तर मुशायऱ्यात दाद मिळते; पोराचे उडाले तर बोलणी!

अशा काही मुलांना अवधानाचा विकार असतो. डॉक्टर त्याला एडीएचडी म्हणतात. तो लाडाने किंवा आळसाने होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. दंगेखोर मुलगा लवकर नजरेत भरतो. खिडकीबाहेर पाहत गप्प बसणारी मुलगी मात्र निसटते.

खरी काळजी पुढेच आहे. मनात आलेला विचार आणि कृती यांच्यामध्ये आपल्याला जी उसंत मिळते, ती या मुलांना कमी मिळते. त्यात वर्षानुवर्षांचा पाणउतारा, कधी जोडीला नैराश्य. म्हणून किशोरवयात त्यांच्यात आत्महत्येचा धोका इतरांहून अधिक आढळतो. बहुसंख्य मुले सुखरूप मोठी होतात, हेही खरे. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीवन संपवले. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत जास्त. त्या सरकारी तक्त्यात ‘परीक्षेतील अपयश’ असा रकाना आहे, अवधानविकाराचा नाही.

मंडळी, ही उसंत वाढवता येते. औषधाने, समुपदेशनाने, घरातली विषारी औषधे कुलपात ठेवूनसुद्धा. आणि विचारावे, अगदी सरळ : ‘बेटा, मरावेसे वाटते का?’ विचारल्याने ती कल्पना मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर मुलाला एकटे सोडू नये. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा फुकट क्रमांक रात्रीही उचलला जातो, मराठीतही.