कुणाच्या नजरेत न भरणारं शाईचं पेन

लोह्यातल्या एका शाळेच्या कार्यालयात मी लिपिक आहे. पगाराची बिलं, यू-डायस, शिष्यवृत्त्या, सगळं आता संगणकावर होतं. दाखल-खारीज रजिस्टर मात्र अजून हातानं भरावं लागतं. मुलाचं नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. पुढं टीसी काढताना, जातीचा दाखला काढताना, जात वैधतेची फाईल टाकताना याच एका ओळीचा उतारा मागितला जातो. ही ओळ मी शाईच्या पेननं लिहितो. समोर बसलेल्या बहुतेकांना ते कळत नाही, आणि कळू नये असंच पेन मी निवडलं आहे.

आमच्या खिडकीवर सोनखेडहून, माळाकोळीहून, माळेगावहून माणसं येतात. कामाचा दिवस बुडवून आलेली असतात. जाडजूड, सोनेरी क्लिपचं पेन खिशातून काढून सावकाश टोपण फिरवत बसलं, की समोरचा माणूस आधी पेनाकडं बघतो, मग आपल्या तोंडाकडं. त्याला वाटतं, हे कुणी मोठे साहेब आहेत, यांना काही विचारावं की नाही. मला ते नको असतं. त्यानं मोकळेपणानं विचारावं, जन्मतारखेबद्दल शंका असेल तर आत्ताच बोलावं. ओळ लिहून झाल्यावर दुरुस्ती म्हणजे शिक्षण खात्यापर्यंत हेलपाटे.

दुसरं, ‘सर, पेन द्या बरं जरा’ हे वाक्य आमच्याकडं दिवसभर ऐकू येतं. पेन न देणं मला जमत नाही, पण शाईचं पेन प्रत्येकाच्या हातात चालत नाही. हल्लीच सही करायला शिकलेली एखादी आई पेन अगदी उभं धरते आणि एकेक अक्षर दाबून काढते. शाईच्या पेनाची निब त्या कोनात कागदाला नीट टेकतच नाही. रेघ उमटत नाही, मग ती आणखी दाबते. चूक पेनाची, पण चारचौघांत ओशाळते ती. म्हणून खिडकीला दोरीनं बांधलेलं बॉलपेन ठेवलंय आणि त्याची रिफिल मी स्वतः तपासतो. माझं पेन त्याच्यासारखंच साधं दिसत असल्यामुळं ते कुणी मुद्दाम मागत नाही.

साधं दिसणारं म्हणजे कसं? तर निब झाकलेलं. या घडणीचं सगळ्यात गाजलेलं पेन पार्कर ५१. ते १९४१ मध्ये बाजारात आलं. पार्कर कंपनीनं झटकन वाळणारी शाई काढली होती. ती कागदावर जशी लवकर वाळायची तशी उघड्या निबवरही वाळायची. त्यावर उपाय म्हणून निब आणि तिच्याखालचा खाचांचा तुकडा पेनाच्या तोंडातच झाकून टाकला आणि बाहेर फक्त टोक ठेवलं. टोपणाला आटे नाहीत, ओढलं की निघतं, दाबलं की बसतं. पुढं चीनच्या हिरो कंपनीनं याच घाटाचं ६१६ काढलं. आपल्याकडं ‘हिरो पेन’ म्हणून कितीतरी मास्तरांच्या खिशाला ते असायचं. आत रबरासारखी मऊ नळी, तिच्यावर धातूची पट्टी. टोक दौतीत बुडवून पट्टी चार-पाच वेळा दाबली की शाई भरते. अजूनही ते तीनशे रुपयांच्या आत मिळतं, फक्त नकली माल पुष्कळ आहे, तेव्हा घेताना लिहून बघावं. बटण दाबल्यावर निब बाहेर येणारं जपानी पायलट कॅपलेस १९६३ पासून आहे. लांबून ते हुबेहूब बॉलपेन वाटतं, पण किंमत दहा हजारांच्या वर. शाळेच्या टेबलावर ठेवायला माझा जीव धजणार नाही.

झाकलेल्या निबचा खरा फायदा आमच्या उन्हाळ्यात कळतो. मे महिन्यात पंख्याखाली उघडी निब दोन मिनिटांत कोरडी पडते. ओळ अर्धी लिहून एखाद्या पालकाशी बोलायचं आणि मग पुन्हा टेकवायचं, तर पहिलं अक्षर उमटतच नाही. झाकलेली निब तेवढा वेळ तग धरते. उन्हाचा दुसरा त्रास गळण्याचा. नांदेडहून मोटारसायकलवर तीसेक किलोमीटर आलं की खिशातलं पेन चांगलंच तापतं. आतली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. पेन अर्धं रिकामं असेल तर हवा जास्त, म्हणजे गळणंही जास्त. म्हणून प्रवासाला पेन काठोकाठ भरावं आणि निब वर ठेवावी.

आता शाई. २०२३ मध्ये मराठा-कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसुली कागदांबरोबर शाळांची जुनी रजिस्टरंही उघडली गेली. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कागद कुठं उर्दूत, कुठं मोडीत, आणि ते वाचणारी माणसं हुडकावी लागली. आमचंही कपाट रिकामं झालं. एका रजिस्टरावर कधीकाळी छताचं पाणी ठिबकलं होतं. त्या पानावर मूळ नोंद काळपट शाईत, अगदी वेलांटीसकट शाबूत. तिच्या शेजारी नंतर कुणीतरी निळ्या शाईनं मारलेला शेरा मात्र विरघळून गेला होता. नुसता डाग उरलेला. त्या शेऱ्यात काय होतं ते आता कुणीच सांगू शकत नाही. ते पान मी बराच वेळ बघत राहिलो.

जुन्या काळपट शाईत लोहाचा क्षार आणि मायफळातलं टॅनिन असतं. लिहिताना ती फिकी दिसते, मग हवा लागून काळी होते आणि कागदाच्या तंतूंत मुरते. शाळेत आपण वापरली ती रॉयल ब्लू धुतली जावी अशीच बनवलेली असते, मुलांचे सदरे वाचावेत म्हणून. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी गिरगावात हॉर्स ब्रँड शाईच्या पुडीपासून उद्योग सुरू केला आणि त्यातून पुढं कॅम्लिन उभी राहिली. त्यांच्या कॅमल शाईवर आमच्या पिढीचं शुद्धलेखन झालं. पण रजिस्टरासाठी नुसतं नाव बघून चालत नाही. रद्दी कागदावर एक ओळ लिहावी, दिवसभर वाळू द्यावी, वर पाण्याचे थेंब टाकावेत. जी टिकेल ती रजिस्टरात. लोहाची शाई आम्लधर्मी असते, म्हणून पेन दर पंधरवड्याला साध्या पाण्यानं धुवावं. रंग निळा-काळाच बरा. हिरवी शाई राजपत्रित अधिकाऱ्यांची, हा आपल्याकडचा रिवाज आहे.

बॉलपेनची तेलकट शाईही पाण्याला सहसा दाद देत नाही. मग हा खटाटोप कशाला, असं सहकारी विचारतात. त्यांनी जूनमध्ये, प्रवेशाच्या गर्दीत, माझ्या शेजारी बसावं. बॉलपेन दाबावं लागतं. दुपारपर्यंत अंगठ्याचं मूळ दुखतं आणि अक्षर ढिलं पडतं. शाईचं पेन नुसतं टेकवायचं असतं, त्यामुळं शेवटच्या मुलाचं नावही पहिल्याइतकंच नीट येतं. कार्बन घालून फाडायच्या पावत्यांना मात्र बॉलपेनच लागतं, तिथं दाब हवाच.

निब बारीक घ्यावी. रजिस्टरचे रकाने अरुंद असतात आणि देवनागरीत ध, भ, क्ष यांच्या गाठी जाड निबनं भरून जातात. ‘घ’ आणि ‘ध’ एकसारखे दिसले तर घोंगडे धोंगडे होतात आणि मुलाला आयुष्यभर प्रतिज्ञापत्रं करावी लागतात. कागदही बघावा लागतो. नवं रजिस्टर घेताना मी दुकानातच शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात ‘क्ष’ लिहून पान उलटतो. शाई फुटली किंवा मागं उमटली तर दुसरं दाखवा म्हणतो.