दोन मिनिटांचे अंतर

स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांवरील विमानतळांमधील अंतर जेमतेम २.७ किलोमीटर आहे. वेळापत्रकात या उड्डाणास दोन मिनिटे दिलेली असतात. वारा अनुकूल असता ते ५३ सेकंदांतही पार पडलेले आहे. १९६७ पासून चालू असलेली ही सेवा जगातील सर्वांत कमी अंतराचे नियमित उड्डाण म्हणून ओळखली जाते. पर्यटकांना तिचे नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पापा वेस्ट्रेची लोकसंख्या शंभराच्याही आत आहे आणि तेथे जाणारे फिरते शिक्षक व डॉक्टर याच छोट्या विमानावर अवलंबून असतात. अशा मार्गावर नफा संभवत नाही. म्हणूनच सार्वजनिक निधीतून त्यास आधार दिला जातो.

भारतात २०१६ साली आखलेल्या ‘उडान’ योजनेचा हेतूही लहान शहरे जोडण्याचाच होता. मात्र तिच्यातील अर्थसाहाय्याची मुदत तीन वर्षांची ठेवण्यात आली. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार, तिसऱ्या फेरीपर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर सेवा सुरूच झाली नाही. मुदतीनंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिले ते अवघे ५४. विमानाचा वेग दोन गावांमधील वेळ वाचवील. परंतु शिक्षकाने बदली स्वीकारावी, रुग्णाने उपचारास निघावे, यासाठी विमान पुढील वर्षीही येईल हा भरवसा हवा. ज्या मार्गांवर तो देण्याची शासनाची तयारी नाही, तेथे धावपट्टी बांधण्यापूर्वीच विचार झालेला बरा.