श्वास लांबला की नाडी मंदावते

मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवा आणि सावकाश श्वास घ्या. नाडी किंचित जलद होते. श्वास सोडताना मंदावते. कारण त्या वेळी व्हेगस मज्जातंतू हृदयाचा लगाम खेचतो. एरवी आपले मिनिटाला १२ ते २० श्वास होतात. ते ६ वर आणले, की श्वास आणि रक्तदाबाचे चढउतार एका लयीत येतात; जिवाची घालमेलही कमी होते. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेत तिचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ पासूनच यौगिक क्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या होत्या. घरी पाच मिनिटं पुरेत: चार सेकंद नाकाने श्वास आत, सहा सेकंद बाहेर. भोवळ आली तर थांबा. रक्तदाबाची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.