जी-२०, जी-७ आणि ब्रिक्स : हे गट काय आहेत आणि योजनांच्या लाभार्थ्यांशी त्यांचा संबंध काय?

बातम्यांमध्ये जी-२०, जी-७ आणि ब्रिक्स ही नावे वारंवार येतात. या बैठकांमधून आपल्या खात्यात काही जमा होणार का, असा प्रश्न अनेकांना पडतो. थोडक्यात उत्तर असे : थेट पैसे येत नाहीत. मात्र तिथे ठरलेल्या काही गोष्टींचा परिणाम आपल्या रोजच्या व्यवहारांवर होऊ शकतो.

जी-२० म्हणजे काय?

१९९७ च्या आशियाई आर्थिक संकटानंतर, १९९९ मध्ये हा गट स्थापन झाला. सुरुवातीला फक्त अर्थमंत्री आणि मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर भेटत असत. २००८ च्या जागतिक मंदीनंतर राष्ट्रप्रमुखांच्या शिखर परिषदा सुरू झाल्या. आज या गटात १९ देश, युरोपीय संघ आणि आफ्रिकी संघ आहेत. आफ्रिकी संघाला सप्टेंबर २०२३ मध्ये नवी दिल्लीच्या परिषदेत, भारताच्या अध्यक्षतेखाली सदस्यत्व मिळाले.

जी-२० ला कायमचे सचिवालय नाही. अध्यक्षपद दरवर्षी बदलते. येथील घोषणापत्र हा कायदा नसतो. ते पाळायचे की नाही आणि कसे, हे प्रत्येक देशाचे सरकार ठरवते.

जी-७ आणि ब्रिक्स वेगळे कसे?

- जी-७ : अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली, जपान आणि कॅनडा. भारत याचा सदस्य नाही, पण अनेकदा निमंत्रित म्हणून सहभागी होतो.
- ब्रिक्स : ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका. पुढे इजिप्त, इथिओपिया, इराण, संयुक्त अरब अमिराती आणि इंडोनेशिया हे देशही सामील झाले. ब्रिक्स देशांनी स्थापन केलेली न्यू डेव्हलपमेंट बँक प्रकल्पांना कर्ज देते. मध्य प्रदेशातील ग्रामीण पाणीपुरवठा आणि मुंबई मेट्रो या प्रकल्पांना तिने कर्ज दिले आहे. हे अनुदान नसते, ते फेडावे लागते.

आपल्याशी संबंध कुठे येतो?

१. परदेशातून येणारे पैसे. घरातील कोणी आखाती देशात किंवा इतरत्र कामाला असेल, तर हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पैसे पाठवण्याचा सरासरी खर्च ५ टक्क्यांवर आणण्याचे जी-२० ने २०१४ मध्ये ठरवले. २०३० पर्यंत तो ३ टक्क्यांच्या खाली आणण्याचे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट आहे. पण जागतिक बँकेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्येही जगाची सरासरी ६ टक्क्यांहून अधिक होती. म्हणजे १०,००० रुपयांमागे सुमारे ६०० रुपये खर्च होतात. उद्दिष्ट गाठले गेले तर तो खर्च ३०० रुपयांच्या आत येईल.

तोपर्यंत एक काळजी घ्या. "शुल्क शून्य" एवढे वाचून सेवा निवडू नका. काही सेवा चलनाचा दर कमी देऊन तीच रक्कम वसूल करतात. घरी हातात नेमके किती रुपये पडतील, ते विचारून दोन-तीन सेवांची तुलना करा.

२. बँक खाते आणि डिजिटल व्यवहार. सर्वांना बँकिंग सेवा मिळावी यासाठी जी-२० चा एक गट २०१० पासून काम करतो. जनधन खाते, आधार आणि यूपीआय हे मात्र भारताचे स्वतःचे उपक्रम आहेत. त्यांचा अनुभव भारताने २०२३ मध्ये या मंचावर मांडला.

३. अन्नसुरक्षा. जून २०२३ मध्ये हैदराबाद येथे जी-२० च्या कृषिमंत्र्यांनी अन्नसुरक्षा व पोषणाविषयीची तत्त्वे स्वीकारली. पण तुमचे रेशन त्या तत्त्वांवर अवलंबून नाही. तो हक्क राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ ने दिला आहे.

लक्षात ठेवा

- जी-२०, जी-७ किंवा ब्रिक्स यांची व्यक्तींसाठी कोणतीही थेट लाभ योजना नाही. त्यांच्या नावाने अर्ज भरून घेतला जात नाही आणि नोंदणी शुल्कही नसते.
- "जी-२० अनुदान मंजूर झाले आहे" असा संदेश किंवा फोन आल्यास लिंक उघडू नका. ओटीपी, पिन किंवा आधार क्रमांक देऊ नका.
- पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि आपल्या बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.
- रेशन, पेन्शन किंवा घरकुलाचा हप्ता अडला असेल, तर त्या योजनेच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. "वरून, परदेशातून पैसे आले नाहीत" असे कोणी सांगितले, तर नेमके कारण लेखी मागा.