तेलाची बुधली जरा बाजूला ठेवा

यंत्र कुरकुरू लागले की तेलाची बुधली शोधायची, ही सवय घरोघरी रुजलेली आहे. शिवणयंत्र, सायकलची साखळी, दाराची बिजागरी यांच्या बाबतीत ती योग्यच. पन्नास-साठ वर्षे जुन्या, उभ्या दांड्याच्या व्हॅक्यूम क्लीनरला मात्र ही सवय महागात पडू शकते. कोरडे बेअरिंग महिनोन् महिने आवाज करून इशारा देत राहते. चुकीच्या जागी पडलेले तेल कोणताही इशारा न देता मोटर निकामी करते.

आपल्याकडे परिचित आहे तो जमिनीवर ओढत न्यायचा, लांब नळीचा क्लीनर. १९८२ साली स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्जच्या विक्रेत्यांनी तो दारोदार पोचवला. उभा क्लीनर हे मुळात अमेरिकेचे अपत्य. ओहायो राज्यातील कँटन या गावी जेम्स मरे स्पँग्लर हा एका दुकानात झाडलोट करीत असे. धुळीने त्याचा दमा बळावे. १९०७ साली त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एक ओबडधोबड यंत्र तयार केले. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी विल्यम हूवर या चामड्याच्या वस्तूंच्या कारखानदाराने ते हक्क विकत घेतले. घोड्यांच्या सामानाचा धंदा मोटारगाड्यांमुळे धोक्यात येत होता, तेव्हा हूवरला नवा उद्योग हवाच होता. हे यंत्र पुढे इतके पसरले की ब्रिटनमध्ये 'हूवर' हे क्रियापदच झाले. १९३६ साली हेन्री ड्रेफस या नामवंत आरेखनकाराने घडवलेले 'मॉडेल १५०' आजही संग्राहकांच्या विशेष प्रेमातले आहे. नॉर्थ कँटनचा मूळ कारखाना २००७ साली बंद पडला. त्यामुळे जुन्या यंत्रांचे सुटे भाग मिळवणे आणि त्यांची निगा राखणे ही आता सर्वस्वी मालकाची जबाबदारी आहे.

या यंत्रातली मोटर स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या मोटरीची सख्खी बहीण म्हणावी अशी. तिला युनिव्हर्सल मोटर म्हणतात. फिरणारे आर्मेचर आणि स्थिर गुंडाळी यांतून एकच प्रवाह एकापाठोपाठ एक वाहतो. त्यामुळे ती एसी आणि डीसी या दोन्ही प्रकारच्या विजेवर चालते. अमेरिकेतल्या अनेक शहरांत पूर्वी डीसी वीज होती, तेव्हा हा गुण मोलाचा ठरला. वेग मिनिटाला हजारो फेऱ्यांचा. आर्मेचरच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल कम्युटेटर असतो आणि त्यावर दोन कार्बन ब्रश स्प्रिंगने टेकलेले असतात. हा सांधा कोरडा राहायला हवा. त्यावर तेल पोचले की झिजलेल्या कार्बनची पूड त्यात मिसळून काळा चिखल होतो. तो तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचांत बसतो. हा चिखल वीजवाहक असल्याने लगतच्या पट्ट्यांमध्ये वीज परस्पर वाहू लागते, ठिणग्या वाढतात आणि शेवटी गुंडाळी जळते. बेअरिंग आणि कम्युटेटर यांच्यात अंतर असते ते जेमतेम बोटभर. बुधलीतून सुटलेली धार फिरत्या दांड्यावरून तिथवर सहज पोचते.

म्हणून पहिला प्रश्न तेल कोणते हा नसून बेअरिंग कोणते हा आहे. सुरुवातीच्या काळातल्या अनेक यंत्रांत धातूचे साधे बुश असत. त्याभोवती तेल शोषणारा नमदा आणि वर तेल घालण्याचे छिद्र किंवा छोटी वाटी असे. तिथे तेल हवेच, पण एक-दोन थेंब. ते डिटर्जंटविरहित, एसएई २० प्रतीचे खनिज तेल असावे. वाहनाच्या इंजिनाचे तेल नको. त्यातली द्रव्ये घाण तरंगती ठेवण्यासाठी असतात, आणि इथे ती गाळून काढणारा फिल्टर नसतो. शिवणयंत्राचे तेल या वेगाला पातळ पडते. खोबरेल तेलाचा प्रयोग तर मुळीच करू नये. ते सुमारे २४ अंशांखाली थिजते, आणि जुने झाले की डिंकासारखे चिकटते. काही बुश सच्छिद्र काशाचे असतात. त्यांच्या छिद्रांतच तेल मुरवलेले असते. असा बुश कोरडा पडला असेल, तर त्याला गरम तेलात बुडवून पुन्हा तेल पाजता येते.

नंतरच्या बहुतेक यंत्रांत बॉल बेअरिंगे आली, आणि घोळ सुरू झाला तो इथे. कारखान्यात त्यांत ग्रीस भरले जाई, आणि मालकाला सांगितले जाई की तेल घालण्याची गरज नाही. ते खरेही होते. मात्र यंत्राच्या आयुष्याचा कारखान्याचा अंदाज आणि माळ्यावर पडून राहिलेल्या यंत्राचे प्रत्यक्ष वय यांत फार अंतर आहे. ग्रीस म्हणजे साबणासारख्या जाळीत धरून ठेवलेले तेल. दशकांच्या काळात तेल झिरपून किंवा विटून जाते आणि मागे उरतो मेणासारखा तपकिरी साबण. त्यावर वरून तेल सोडले, तर आवाज दोन दिवस थांबतो. मग ते पातळ झालेले मिश्रण बेअरिंगाबाहेर येऊन कम्युटेटरकडे वाहू लागते. गंज सोडवणारे फवारे तर याहून वाईट. त्यांतले द्रावक उरलेसुरले वंगणही धुऊन काढते, आणि ज्वलनशील वाफ असलेल्या पेटीत ठिणग्या उडणारे ब्रश चालू करणे हा शुद्ध अविचार आहे.

खरा उपाय थोडा कष्टाचा आहे. प्रथम प्लग काढावा. मग पट्टा, पंखा आणि मोटरीचे झाकण क्रमाने उतरवावे. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून ठेवले तर जुळवणी सोपी जाते. काही यंत्रांत पंखा उलट्या आट्यांवर बसवलेला असतो. नेहमीच्या दिशेने जोर लावला की तो सुटण्याऐवजी घट्ट होतो आणि पाते तुटते. ब्रश बाहेर काढण्याआधी कोणता ब्रश कोणत्या बाजूचा आणि कोणत्या तोंडाने बसला होता, याची खूण करावी. त्यांचा वक्र माथा कम्युटेटरशी झिजून जुळलेला असतो, तो उलटा बसला की ठिणग्या उडतात.

बेअरिंग हातात घेऊन फिरवावे. खरखर लागली किंवा बाहेरचे कडे डगडगले, तर ते धुण्यात वेळ घालवू नये. कड्यावर कोरलेला क्रमांक घेऊन बेअरिंगच्या दुकानात जावे. प्रमाणित मापाचे असल्यास नवे बेअरिंग अल्प किमतीत मिळते. धुळीच्या या यंत्रासाठी दोन्ही बाजूंनी बंद असलेले बेअरिंग घ्यावे. दुर्मीळ मापाचे आणि सुस्थितीतले बेअरिंग असेल तरच ते रॉकेलने स्वच्छ धुवावे, पूर्ण वाळवावे आणि नवे ग्रीस भरावे. इथेही हात आखडता हवा. आतल्या मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा, फार तर निम्मा भरावा. ठासून भरलेले ग्रीस गोळ्यांनी सतत घुसळले जाते, तापते आणि बाहेर फेकले जाते. बसवताना दाब नेहमी घट्ट बसणाऱ्या कड्यावरच द्यावा. दांड्यावर चढवताना बाहेरच्या कड्यावर हातोडी मारली, तर गोळ्यांचे ठसे आत उमटतात आणि कोरे बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुरगुरते.

कम्युटेटरवर चॉकलेटी रंगाची गुळगुळीत झाक दिसली, तर तिला हात लावू नये. ती मळ नसून निरोगी मोटरीचे लक्षण आहे. काळे चट्टे असतील तरच बारीक काचकागद फिरवावा. एमरी कागद टाळावा, कारण त्याचे कण खाचांत अडकतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जुन्या उभ्या यंत्रांत धूळ पिशवीत जाण्याआधी पंख्यातूनच जाते. कधीतरी ओढले गेलेले नाणे किंवा केसांची पिन पात्याचा टवका उडवते. तोल बिघडलेला पंखा नवी बेअरिंगेही काही महिन्यांत संपवतो. अवाजवी ताणाचा पट्टा किंवा केस गुंडाळून जड झालेला ब्रशचा रूळही दांड्याला एका बाजूला ओढतो. मोटरीचा आवाज दुरुस्त करण्याआधी हे तिन्ही तपासलेले बरे.

सुरक्षिततेच्या बाबतीत जुन्या वस्तूवरच्या प्रेमाला जागा नाही. युद्धपूर्व काळातील तारांचे रबर हात लावताच भुगा होते, अनेक यंत्रांना अर्थिंग नसते आणि अंग धातूचे असते. कापडी वेष्टणाची मूळ वायर कितीही देखणी असली, तरी ती बदलावीच. अमेरिकेतून सामानासोबत आणलेली यंत्रे ११० ते १२० व्होल्टची असतात. आपल्या २३० व्होल्टवर ती थेट लावली, तर मोटर भयंकर वेग घेते आणि जळते. त्यांना पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो. गुंडाळी आणि धातूचे अंग यांच्यातला रोध मेगरने मोजून घ्यावा. तो १ मेगाओहमहून कमी भरला, तर जाणकार कारागिराला दाखवल्याखेरीज यंत्र चालवू नये.

जुळवणी झाल्यावर यंत्र थेट विजेवर न लावता वायरमनच्या सिरीज बोर्डवर १०० वॉटचा तारेचा दिवा जोडून चालवून पाहावे. दिवा क्षणभर उजळून मंदावला आणि मोटर संथ फिरू लागली, तर सर्व ठीक. तो सतत लखलखत राहिला, तर कुठेतरी अडकले आहे किंवा शॉर्ट आहे. त्यानंतर पूर्ण दाबावर पाच मिनिटे चालवून बटण बंद करावे आणि पंखा किती सेकंद फिरत राहतो ते मोजून यंत्राच्या पाटीजवळ लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी तो आकडा घटला असेल, तर बेअरिंग पुन्हा उघडण्याची वेळ आली आहे.