रोगाचे नाव आणि लसीची वेळ

रोगाला नाव पुष्कळदा एखाद्या ठळक लक्षणावरून पडते आणि पुढे ते लक्षण म्हणजेच तो रोग, अशी समजूत रूढ होते. रेबीज हे याचे बोलके उदाहरण होय. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ उन्माद असा आहे. मराठीतील 'पिसाळणे' हे क्रियापदही 'पिसा' म्हणजे वेडा, या जुन्या शब्दाच्या कुळातील आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील 'जलत्रास' ही संज्ञा मात्र दंश झालेल्या मनुष्याच्या लक्षणावरून घडलेली आहे.

कुत्री-मांजरे पाळणाऱ्यांची या नावांनी दिशाभूल होण्याचा संभव असतो. या रोगाचे उग्र व मूक असे दोन प्रकार आहेत. मूक प्रकारात कुत्रा अंगावर धावून येत नाही; त्याचा खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, अन्न गिळता येत नाही. घशात हाड अडकले असावे, असे समजून घरातील मनुष्य त्याच्या तोंडात हात घालतो आणि लाळेतील विषाणूला बोटावरील लहानशी जखमही पुरते. शिवाय पाण्याचे भय हे मनुष्यातील लक्षण आहे. रोगग्रस्त कुत्र्यात ते आढळत नाही. म्हणून 'पाणी पितो, अर्थात पिसाळलेला नाही' हे अनुमान निराधार ठरते. मांजर 'पिसाळले' असे मराठीत क्वचितच म्हटले जाते. परंतु रोग भाषेचा हा संकेत पाळत नाही.

लक्षणांची वाट पाहणे आणखी एका कारणाने धोक्याचे आहे. ती दिसण्यापूर्वी काही दिवस विषाणू लाळेत आलेला असू शकतो आणि ती दिसल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली ९ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस टोचण्यास प्रारंभ झाला, तो दंशानंतर. तेव्हापासून ही लस म्हणजे चावल्यावर करावयाचा उपाय, अशी कल्पना लोकमानसात दृढ झाली. पाळीव प्राण्याच्या बाबतीत मात्र ती आधीच टोचावयाची असते.

आईकडून मिळालेली प्रतिद्रव्ये पिल्लाच्या शरीरात असेपर्यंत लसीचा प्रभाव नीट पडत नाही. यास्तव पहिली मात्रा सामान्यतः तिसऱ्या महिन्याच्या सुमारास देतात. दुसरी एका वर्षाने व त्यापुढील मात्रा लसीच्या प्रकारानुसार १ ते ३ वर्षांनी द्याव्या लागतात. कुत्र्यांच्या पार्व्हो, डिस्टेंपर इत्यादी रोगांवरील लसी निराळ्या असून त्यांनी रेबीजपासून संरक्षण मिळत नाही.

दंश वा ओरखडा झाल्यास, प्राणी घरचा व लस टोचलेला असला तरी, जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन वैद्यकीय सल्ला घेणे अवश्य आहे. मनुष्याला पोटात टोचावयाची जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीपर्यंत बंद झाली. आता इंजेक्शन दंडात वा त्वचेत देतात. 'पोटातली चौदा इंजेक्शने' हा शब्दप्रयोग तेवढा मागे उरला असून त्याच्या धास्तीने कोणी उपचार टाळू नये.